युरोपच्या प्रवासासाठी मोबाइल: हँडसेट, सिम आणि सीमा

युरोपच्या प्रवासाची तिकिटे, विमा, व्हिसा आणि हॉटेले यांची तयारी महिनोन्महिने आधी होते. मोबाइलचा विचार मात्र बहुतेक जण विमानतळावर उतरल्यावर, सिमच्या काउंटरसमोर उभे राहून करतात. तेथे मिळणारे सिम वाईट नसते, पण ते बहुधा महाग असते, आणि आपल्या प्रवासमार्गाला ते योग्य आहे का, हे तपासण्याची उसंत त्या क्षणी नसते. माझ्या मते या बाबतीतले पहिले काम सिम निवडणे हे नाही. आपण कोणकोणत्या सीमा ओलांडणार आहोत, हे कागदावर लिहून काढणे हे पहिले काम आहे, कारण सिमची निवड, खर्च आणि सेटिंग या साऱ्यांचा उगम त्या यादीत असतो.

मोबाइलच्या दृष्टीने युरोपचा नकाशा

युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांमधील रोमिंगचे, म्हणजे एका देशाचे सिम दुसऱ्या देशातील नेटवर्कवर वापरण्याचे, जादा शुल्क रद्द केले. एका देशात घेतलेले सिम दुसऱ्या देशात त्याच दराने वापरता यावे, असा हा नियम आहे. २०२२ मध्ये त्याला २०३२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. संघाचे २७ देश आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन हे तीन देश या क्षेत्रात येतात, आणि १ जानेवारी २०२६ पासून युक्रेन व मोल्दोव्हाही त्यात सामील झाले आहेत. म्हणजे लिस्बनमध्ये घेतलेले सिम वॉर्सा, अथेन्स किंवा ओस्लोमध्ये वेगळा पैसा न मोजता चालू शकते.

गोंधळ होतो तो हा नकाशा इतर नकाशांशी जुळत नाही म्हणून. व्हिसाच्या कामामुळे प्रवाशाच्या डोक्यात शेंगेन क्षेत्र, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट, पक्के बसलेले असते, आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असल्यामुळे तेथेही फ्रान्सचे सिम चालेल असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात स्वित्झर्लंड या रोमिंग नियमाच्या बाहेर आहे. उलट आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत, पण रोमिंगच्या क्षेत्रात आहेत. युरो चलनावरूनही अंदाज बांधता येत नाही: पोलंड, चेकिया, हंगेरी आणि स्वीडन यांची चलने वेगळी असूनही ते देश या क्षेत्रात आहेत, तर माँटेनेग्रो आणि कोसोव्हो युरो वापरत असूनही बाहेर आहेत. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर हा नियम त्याला लागू राहिलेला नाही. सर्बिया, बोस्निया, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, अँडोरा आणि तुर्कस्तान हे देशही बाहेरचे धरावेत. बेटांचे हिशेब तर आणखी निराळे आहेत. स्पेनची कॅनरी बेटे आणि पोर्तुगालचे मदेरा क्षेत्रात येतात, तर डेन्मार्कच्या अधिपत्याखालील फेरो बेटे येत नाहीत.

म्हणून आपल्या मार्गावरील प्रत्येक देशाच्या नावापुढे ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे लिहून ठेवावे. पॅरिस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम आणि बर्लिन असा मार्ग असेल तर कोणत्याही एका देशाचे सिम पुरते. पॅरिस, इंटरलाकेन आणि मिलान असा मार्ग असेल तर मधले स्वित्झर्लंडचे दिवस वेगळे मोजावे लागतात. काही कंपन्या स्वेच्छेने स्वित्झर्लंड आणि ब्रिटनचा समावेश आपल्या योजनांत करतात, पण तो त्या योजनेच्या देशांच्या यादीत स्पष्ट लिहिलेला असेल तरच खरा मानावा. पाकिटावर नुसते ‘युरोप’ असे छापलेले असल्यास त्यावर विसंबू नये.

आपला हँडसेट तेथे चालेल का

दुसरे काम घरीच करण्याचे आहे. आपला फोन एखाद्या कंपनीच्या करारावर घेतलेला असेल तर तो त्याच कंपनीच्या सिमपुरता बंदिस्त असू शकतो. हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या कंपनीचे कोणतेही सिम त्यात घालून पाहणे. रेंज आली आणि फोन लागला, तर फोन मोकळा आहे. तसे झाले नाही तर निघण्यापूर्वीच कंपनीकडून तो मोकळा करून घ्यावा, कारण परदेशातून हे काम करणे फार जिकिरीचे होते.

त्यानंतर फ्रिक्वेन्सीचा प्रश्न येतो. युरोपातील फोरजी प्रामुख्याने ८००, १८००, २१०० आणि २६०० मेगाहर्ट्झवर चालते, आणि अलीकडे त्यात ७०० मेगाहर्ट्झची (बँड २८) भर पडली आहे. यांपैकी ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला तांत्रिक भाषेत बँड २० म्हणतात, प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण खेडी, डोंगर आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारती येथे हीच लहर दूरवर व आतपर्यंत पोहोचते. युरोपबाहेर विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त हँडसेटमध्ये हा बँड नसतो. असा फोन शहरात व्यवस्थित चालतो आणि आल्प्सच्या दरीत किंवा टस्कनीच्या शेतघरात मुका होतो. फोनच्या नेमक्या मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर बँडची यादी पाहता येते. त्यात २० आणि २८ हे दोन आकडे शोधावेत.

जुने साधे बटणांचे फोन सोबत नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जर्मनीतील कंपन्यांनी २०२१ मध्ये थ्रीजी बंद केले, आणि इतर अनेक देशांतही ते बंद झाले आहे किंवा बंद होत आहे. टूजी बहुतेक ठिकाणी अजून चालू आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये तेही बंद झाले आहे. त्यामुळे फोरजीवरून साधा आवाजी कॉल करण्याची सोय, म्हणजे व्होल्टी, आपल्या फोनमध्ये असणे आता आवश्यक ठरले आहे. ज्येष्ठ प्रवाशांना सोपा म्हणून दिलेला जुना फोन तेथे घड्याळापलीकडे उपयोगी पडत नाही, असे अनेकदा घडते.

ई-सिमचा, म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाविना फोनमध्येच उतरवता येणाऱ्या सिमचा, विचार असेल तर डायलवर *#०६# दाबून पाहावे. पडद्यावर आयएमईआय या हँडसेटच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून आली. मात्र अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या हँडसेटमध्ये प्लास्टिकच्या सिमसाठी खाचच नाही, हेही लक्षात ठेवावे. तसा फोन हाती असेल तर दुकानात मिळणारे साधे सिम उपयोगाचे नाही.

तीन मार्ग आणि त्यांपैकी कोणता कोणाचा

आपल्या नेहमीच्या सिमवर रोमिंगचा पॅक घेणे हा पहिला मार्ग. तीन-चार दिवसांचा कामकाजी दौरा असेल, त्यात नेहमीच्या नंबरवर कॉल घेणे भाग असेल आणि खर्च संस्था करणार असेल, तर हाच मार्ग सुटसुटीत आहे. दोन-तीन आठवड्यांच्या सहलीला तो सहसा परवडत नाही, आणि पॅकची मुदत मध्येच संपल्यास लागणारे मूळ दर फार जड असतात.

प्रवासी ई-सिम हा दुसरा मार्ग. घरी बसून ते विकत घेता येते, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये उतरवता येते आणि विमान उतरताच नकाशा चालू होतो. दहा-पंधरा दिवसांत चार-पाच देश पाहणाऱ्या बहुतेक प्रवाशांना मी हाच मार्ग सुचवीन. त्याच्या मर्यादा मात्र आधी समजून घ्याव्यात. अशा ई-सिमवर बहुधा केवळ डेटा मिळतो, स्थानिक नंबर मिळत नाही. त्यामुळे हॉटेलला किंवा टॅक्सीचालकाला साधा कॉल करता येत नाही. इंटरनेटवरून चालणाऱ्या कॉलवर भागवावे लागते. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनांमध्ये रोजच्या ठरावीक वापरानंतर वेग कमी केला जातो, आणि काहींमध्ये हॉटस्पॉटने दुसऱ्याला इंटरनेट देण्यावर बंधन असते. काही ई-सिमची मुदत ते फोनमध्ये उतरवताच सुरू होते, तर काहींची युरोपातील टॉवरला पहिल्यांदा जोडले गेल्यावर. हा फरक खरेदीपूर्वीच पाहावा, नाही तर तयारी म्हणून आठवडाभर आधी उतरवलेले ई-सिम सहलीच्या मध्यावर संपते. बहुतेक ई-सिमचा क्यूआर कोड एकदाच चालतो, म्हणून अडचण आली तरी फोनमधील ई-सिम घाईघाईने पुसून टाकू नये.

स्थानिक प्रीपेड सिम हा तिसरा मार्ग. तीन आठवड्यांहून अधिक मुक्काम, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नातेवाइकांकडे जाणे, खूप डेटाची गरज, किंवा स्थानिक नंबरची निकड, यांपैकी काहीही असेल तर हा मार्ग उत्तम. साधारण १० ते ३० युरोंत महिन्याला पुरेल इतका डेटा, स्थानिक कॉल आणि स्वतःचा युरोपीय नंबर मिळतो. त्यासाठी दुकान शोधणे, ओळखपत्र दाखवणे आणि प्रसंगी परक्या भाषेतील संदेश समजून घेणे एवढे कष्ट घ्यावे लागतात.

डेटा किती लागेल याचा अंदाज बहुतेक जण चुकवतात. नकाशा, संदेश, तिकिटे आणि भाषांतर यांना फारच थोडा डेटा लागतो, आणि इंटरनेटवरील आवाजी कॉलही हलकेच असतात. डेटा खातात ते व्हिडिओ, आणि त्याहून अधिक म्हणजे छायाचित्रांचा आपोआप होणारा बॅकअप. बॅकअप केवळ वाय-फायवर होईल अशी सेटिंग करून, ज्या शहरांतून जायचे त्यांचे नकाशे आधी उतरवून घेतले, तर दहा दिवसांना ५ जीबी पुरू शकतो.

दुकानात सिम घेताना

युरोपातील बहुतांश देशांत प्रीपेड सिमसाठी ओळख पटवणे सक्तीचे आहे, पण त्याची रीत देशागणिक बदलते. त्यामुळे शक्य असल्यास प्रवासातील सोपा देश निवडून तेथेच सिम घ्यावे, असा माझा सल्ला आहे.

जर्मनीत १ जुलै २०१७ पासून पासपोर्ट किंवा तत्सम ओळखपत्र पडताळल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही. आल्डी किंवा लिडलसारख्या सुपरमार्केटमध्ये मिळणारी सिम स्वस्त असतात, पण तेथे काउंटरवर फक्त पाकीट मिळते. पडताळणी नंतर स्वतःला, बहुधा व्हिडिओ कॉलवर, करावी लागते, आणि त्यात सर्व देशांचे पासपोर्ट स्वीकारले जातातच असे नाही. म्हणून परदेशी प्रवाशाने टेलिकोम, व्होडाफोन किंवा ओटू यांच्या दुकानात जाऊन कर्मचाऱ्याकडूनच नोंदणी पूर्ण करून घ्यावी. पत्ता विचारल्यास मुक्कामाच्या हॉटेलचा पत्ता द्यावा. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. मोठी रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांचा तेवढा अपवाद. शनिवारी रात्री उतरणाऱ्याने सोमवारपर्यंतची सोय आधीच करून ठेवावी. तेथील अनेक प्रीपेड पॅकची मुदत महिन्याची नसून चार आठवड्यांची, म्हणजे २८ दिवसांची असते.

इटलीत टिम, व्होडाफोन, विंडट्रे आणि इलियाद ही नावे दिसतात. येथे पासपोर्टबरोबर ‘कोदिचे फिस्काले’ हा १६ अक्षरांचा करक्रमांक मागितला जातो. तो ऐकून परत फिरू नये. नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान यांवरून तो तयार होतो, आणि पर्यटकांची सवय असलेले दुकानदार तो संगणकावर काढून घेतात. सिम सुरू व्हायला कधी काही तास लागतात, म्हणून संध्याकाळची गाडी पकडायची असेल तर सकाळीच दुकान गाठावे.

फ्रान्समध्ये ऑरेंज, एसएफआर, बुइग आणि फ्री या चार कंपन्या आहेत. त्यांच्या दुकानांखेरीज ‘ताबा’ असे लाल फलक लावलेल्या तंबाखू-वृत्तपत्रांच्या छोट्या दुकानांत सिम आणि रिचार्ज मिळतात. फ्रान्समधील काही सिम लगेच चालू होतात, पण ठरावीक दिवसांत ओळखपत्राची प्रत ऑनलाइन दिली नाही तर बंद पडतात. सहलीच्या गडबडीत ही गोष्ट हमखास राहून जाते. स्पेन, ऑस्ट्रिया, पोलंड, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड येथेही पासपोर्ट दाखवावा लागतो, पण दुकानातले काम साधारण पाऊण तासात उरकते. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमला ओळखपत्र लागत नाही. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर ते चॉकलेटांशेजारी टांगलेले असते. ॲम्स्टरडॅमपासून सहल सुरू होणार असेल, तर ही सोय साधून घ्यावी. ब्रिटनचे सिम स्वस्त असले तरी युरोपच्या मुख्य भूमीवर ते कोणत्या दराने चालेल, हे त्या योजनेवर अवलंबून असते, हे विसरू नये.

दुकानात तीन प्रश्न आवर्जून विचारावेत: या पॅकमधला किती डेटा इतर देशांत वापरता येतो, मुदत नेमकी कोणत्या दिवशी संपते, आणि रिचार्ज परदेशी कार्डाने होतो का. यांतला पहिला प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. ‘घरच्यासारखे रोमिंग’ हा नियम असला तरी कंपन्यांना वाजवी वापराची मर्यादा घालण्याची मुभा आहे. अमर्याद किंवा फार स्वस्त डेटाच्या पॅकसाठी त्या मर्यादेचे गणितही नियमातच दिले आहे. पॅकच्या करवजा किमतीला प्रति जीबी घाऊक कमाल दराने, म्हणजे रोमिंगसाठी कंपन्या एकमेकींना आकारू शकतात त्या कमाल दराने, भागायचे आणि येणारा आकडा दुप्पट करायचा. किमान तितका डेटा रोमिंगमध्ये द्यावाच लागतो. २०२६ साठी हा घाऊक दर १.१० युरो आहे. म्हणजे करवजा २० युरोंच्या अमर्याद पॅकवर इतर देशांत किमान ३६ जीबी मिळायला हवेत. २०२७ पासून दर १ युरोवर येणार असल्याने हा आकडा ४० जीबी होईल. मर्यादा ओलांडल्यावरही कंपनी प्रति जीबी या घाऊक दरापेक्षा अधिक आकारू शकत नाही. त्यावर कर तेवढा लागतो.

आणखी एक बारकावा सांगायला हवा. रोमिंग आणि परदेशी कॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्सचे सिम घेऊन रोममध्ये असताना रोममधल्या हॉटेलला केलेला कॉल रोमिंगच्या सवलतीत बसतो. पण तेच सिम घेऊन पॅरिसमध्येच असताना रोमला केलेला कॉल आंतरराष्ट्रीय ठरतो, आणि त्याला मिनिटाला १९ सेंट अधिक कर अशी कमाल मर्यादा आहे. पुढच्या मुक्कामाला कळवायचे असेल तर संदेश किंवा ईमेल बरा.

सिम बसवल्यानंतर

युरोपातील सिमसोबत चार अंकी पिन येतो, आणि फोन बंद करून सुरू केला की तो पुन्हा मागितला जातो. तीन वेळा चुकला तर आठ अंकी पीयूके लागतो, आणि तो दहा वेळा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते. सिम ज्या कार्डातून तोडून काढतो, त्याच कार्डावर हे दोन्ही क्रमांक छापलेले असतात. ते कार्ड दुकानातच टाकून देण्याची चूक करू नये. त्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनमध्ये काढून ठेवावे, कारण पिन मागणाऱ्या फोनमधल्या छायाचित्राचा त्या वेळी उपयोग होत नाही.

आता सेटिंग. जुने सिम आणि नवे सिम दोन्ही एकाच फोनमध्ये ठेवायचे असतील, तर डेटासाठी नवे सिम निवडावे आणि जुन्या सिमचे डेटा रोमिंग बंद करावे. जुने सिम चालू ठेवायचे ते केवळ बँकेचे ओटीपी घेण्यासाठी. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस बहुधा विनाशुल्क असतो, पण येणारा कॉल उचलल्यास पैसे पडू शकतात. ओटीपी परदेशात पोहोचण्यासाठी त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू असावी लागते, आणि ती निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी.

येथे एक गोष्ट उलटी वाटते आणि तिच्यामुळे अनेकांचे ई-सिम ‘चालत नाही’. प्रवासी ई-सिम हे मुळात तिसऱ्याच देशातील कंपनीचे असते आणि प्रत्येक देशात ते रोमिंगवरच चालते. म्हणून त्या ई-सिमचे डेटा रोमिंग चालू ठेवावे लागते. म्हणजे एकाच फोनमध्ये एका सिमचे रोमिंग बंद आणि दुसऱ्याचे चालू, अशी रचना हवी. शिवाय एका सिमचा डेटा क्षीण झाल्यास आपोआप दुसऱ्यावर जाण्याची सोय फोनमध्ये असते. ती बंद केल्याशिवाय जुन्या सिमवरचे डेटाचे दार पूर्ण लागत नाही. एवढे करूनही इंटरनेट मिळत नसेल, तर सिमच्या पत्रकात दिलेले एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेट जोडणीचे नाव, सेटिंगमध्ये स्वतः भरावे आणि फोन एकदा बंद करून सुरू करावा.

नंबर बदलला तरी व्हॉट्सॲपचा नंबर बदलू नये. नवे सिम घातल्यावर तसे विचारले जाते, तेव्हा जुनाच नंबर कायम ठेवावा. नवा युरोपीय नंबर संपर्कयादीतील मंडळींपर्यंत जाण्याचे काही कारण नाही.

स्थानिक नंबर फिरवताना देशाचा संकेतांक लावून सुरुवात करण्याची सवय ठेवावी: फ्रान्स ३३, जर्मनी ४९, इटली ३९, स्पेन ३४, ब्रिटन ४४, स्वित्झर्लंड ४१, नेदरलँड्स ३१. फलकावर शून्याने सुरू होणारा नंबर लिहिलेला असेल, तर संकेतांकानंतर ते शून्य गाळतात. इटलीतील घरगुती व हॉटेलांचे नंबर मात्र याला अपवाद आहेत. तेथे शून्य तसेच ठेवावे लागते. रोममधील हॉटेलचा नंबर लागत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा हे शून्य गाळलेले असते.

सीमेवर आणि समुद्रावर

फोनला नकाशावरील सीमा समजत नाही, त्याला फक्त सर्वांत जोरकस टॉवर समजतो. जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच किनाऱ्यावरील एव्हियाँ गावात फिरत असताना माझ्या फोनने समोरच्या स्वित्झर्लंडचा टॉवर पकडला, आणि सरोवराकाठच्या बाकावर बसून पाहिलेल्या थोड्याशा चित्रफितींत सिमचा उरलेला सगळा बॅलन्स संपला. मी फ्रान्समधून एक पाऊलही बाहेर टाकले नव्हते. असेच स्वित्झर्लंडच्या सीमेवरील बाझलजवळ, जर्मनीतील कोन्स्टान्झमध्ये, तुर्कस्तानच्या समोर असलेल्या कोस आणि लेस्बोस या ग्रीक बेटांवर, आणि अल्बानियासमोरच्या कोर्फूवर घडते. लिख्टेनश्टाइन रोमिंगच्या क्षेत्रात असले, तरी ते इतके लहान आहे की तेथेही स्विस टॉवर सहज पकडला जातो. सायप्रसची राजधानी निकोसिया येथे बेटाचे दोन भाग करणारी हिरवी रेषा ओलांडून उत्तर भागात गेल्यास नेटवर्क बदलते आणि दरही बदलतात.

अशा ठिकाणी पोहोचण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची आपोआप निवड बंद करावी आणि ज्या देशात आहोत तेथील कंपनी हाताने निवडावी. स्वित्झर्लंडमधून केवळ रेल्वेने जायचे असेल, तर तेवढे तास मोबाइल डेटा बंद ठेवणे सर्वांत सोपे. युरोपीय कंपन्यांना नव्या देशात शिरताच दरांचा एसएमएस पाठवणे बंधनकारक आहे. तो परक्या भाषेत असला तरी त्यातले आकडे वाचावेत. त्यांच्या ग्राहकांसाठी रोमिंग डेटाचा खर्च करवजा ५० युरोंवर गेल्यास डेटा आपोआप थांबवण्याची तरतूदही आहे, पण प्रीपेड सिमवर तेवढा बॅलन्स मुळातच नसतो, त्यामुळे हे संरक्षण प्रत्यक्षात करारावरच्या ग्राहकांना अधिक उपयोगी आहे.

जहाज आणि विमान यांबाबत मात्र कसलीही सवलत गृहीत धरू नये. स्टॉकहोम ते हेलसिंकी किंवा इटली ते ग्रीस अशा रात्रीच्या फेरीबोटींवर किनारा दूर गेला की जहाजाचे स्वतःचे, उपग्रहाला जोडलेले नेटवर्क सुरू होते, आणि त्याला ‘घरच्यासारखे रोमिंग’ लागू होत नाही. काही मिनिटांच्या वापरात संपूर्ण सहलीच्या सिमहून अधिक बिल होऊ शकते. बोटीवर चढताच फोन एरोप्लेन मोडवर टाकावा आणि लागल्यास फक्त वाय-फाय सुरू करावे.

तेथेच नवा फोन घ्यायचा झाल्यास

फोन हरवला, फुटला किंवा बँड जुळत नाही असे लक्षात आले, तर तेथे साधा स्मार्टफोन घेणे हा व्यवहार्य उपाय आहे. मीडियामार्क्ट किंवा फनॅकसारख्या साखळी दुकानांत १०० ते १५० युरोंत कामचलाऊ अँड्रॉइड फोन मिळतो. संघातील दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, पण ती वापरण्यासाठी वस्तू परत त्या दुकानाकडे न्यावी लागते, हे प्रवाशाने लक्षात घ्यावे. संघाबाहेर राहणाऱ्या पर्यटकाला ठरावीक रकमेवरील खरेदीवर मूल्यवर्धित कर परत मिळू शकतो. फ्रान्समध्ये १०० युरोंहून अधिक आणि जर्मनीत ५० युरोंहून अधिक खरेदी लागते. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा आणि संघातून बाहेर पडताना सीमाशुल्क कक्षात त्याची नोंद करावी. २८ डिसेंबर २०२४ पासून संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचे आहे, त्यामुळे आपली केबल बहुधा चालते. प्लग मात्र आयर्लंड, माल्टा, सायप्रस आणि ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिनांचा, तर मुख्य भूमीवर दोन गोल पिनांचा लागतो.

आणीबाणी आणि चोरी

संपूर्ण संघात आणि ब्रिटन व स्वित्झर्लंडमध्येही आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन या सर्वांसाठी तो विनाशुल्क लागतो. सिम नसलेल्या फोनवरून तो काही देशांत लागतो, पण जर्मनीसारख्या देशात लागत नाही. ज्यांच्याकडे केवळ डेटाचे ई-सिम आहे, त्यांनी म्हणूनच जुने सिम फोनमधून काढून ठेवू नये. त्याच्या आधारे हा कॉल जाऊ शकतो.

बार्सिलोना, पॅरिस आणि रोम येथील गर्दीच्या मेट्रोत फोन चोरीला जाण्याचे प्रकार सतत घडतात. फोन गेला की तिकिटे, नकाशा आणि बँकेचे ओटीपी एकाच क्षणी जातात, आणि खरी अडचण या शेवटच्या गोष्टीची असते. शक्य असेल तर जुने सिम एका दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालून तो मुक्कामाच्या खोलीतच ठेवावा आणि फिरताना केवळ स्थानिक सिमचा फोन जवळ बाळगावा. जोडप्याने प्रवास करताना निदान बँकेचे नंबर दोन वेगवेगळ्या फोनमध्ये राहतील असे पाहावे. हँडसेटचा आयएमईआय, जुन्या कंपनीचा परदेशातून लागणारा मदत क्रमांक आणि पासपोर्टचा क्रमांक एका कागदावर लिहून तो सामानात ठेवावा. पोलीस तक्रारीच्या अर्जात आणि विम्याच्या दाव्यात आयएमईआय मागितला जातो.

परत निघताना

युरोपीय प्रीपेड सिम ठरावीक काळ रिचार्ज न केल्यास बंद होते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. म्हणून सहलीत त्या नंबरवर उघडलेली टॅक्सी, रेल्वे किंवा घरभाड्याच्या ॲपची खाती विमानात बसण्यापूर्वी आपल्या कायमच्या नंबरवर आणावीत. त्यासाठी येणारा पडताळणीचा संकेतांक जुन्या नंबरवर येतो, आणि घरी पोहोचल्यावर तो मिळेलच असे नसते. वर्षभरात पुन्हा जायचे असेल तर सिम चालू ठेवण्यासाठी किती दिवसांनी किती रिचार्ज लागतो, हे कंपनीच्या ॲपमध्ये पाहून तारीख नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी नोंदणीची रांग टळते.